सलालाहच्या ढगात

"कॅप्टन, आपण डावीकडे कलतोय," सलीम म्हणाला. मलाही तसंच वाटत होतं. पण समोरची उपकरणं सांगत होती, विमान सरळ आहे.

सलीम माझा ओमानी को-पायलट. गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमच्या छोट्या विमानात स्ट्रेचरवर हमीद होता, दुक्मजवळच्या वाळवंटातल्या तेलकंपनीच्या कॅम्पवरचा, मूळ रत्नागिरीचा मेकॅनिक. अपेंडिक्स फुटायच्या बेतात. सोबत थोरला भाऊ इब्राहिम. ऑपरेशन ओमानच्या दक्षिण किनाऱ्यावर, सलालाहला व्हायचं होतं.

पावसाळ्यात सलालाहवर समुद्राकडून ढग येऊन बसतात. त्या हंगामाला तिथे खरीफ म्हणतात. आत शिरलं की आकाश, समुद्र, काही उरत नाही. दुधात तरंगल्यासारखं वाटतं. इंजिनसुद्धा लांब कुठेतरी चालू आहे असं वाटतं. आपला तोल कानाच्या आतून सांभाळला जातो. बाहेरचं दिसेनासं झालं की तेच कान फसवतात. म्हणून फक्त उपकरणांवर उडायचं.

"सलीम, काट्यांकडे बघ. बाहेर नको."

"येस, कॅप्टन."

हळूहळू खाली आलो. उतरताना एक ठरलेली उंची असते, डिसिजन हाइट. तिथवर रनवे दिसला नाही तर परत वर जायचं. ती उंची आली. काचेपलीकडे नुसतं पांढरं. वाटलं, अजून जरासं खाली गेलो तर दिवे दिसतील. फार मोह झाला.

"गो अराउंड," मी म्हणालो आणि विमान वर घेतलं.

मागून इब्राहिम ओरडला, "कॅप्टनसाहेब, उतरवा वो! भाऊ जाईल माझा!"

"त्याच्यासाठीच उतरवत नाहीये, इब्राहिमभाई."

टॉवर म्हणाला, ढग आणखी दाटतोय; डोंगरापलीकडचा रनवे मोकळा आहे. इंधन पुरेसं होतं. सलालाहची अँब्युलन्स तिकडे मागवली.

ढगाच्या वर आलो. खाली पांढरं पठार पसरलेलं, त्यावर आमची इवलीशी सावली. डोंगराची कड आली आणि ढग तिथेच थांबले. पुढे कोरडं, लख्ख वाळवंट.

उतरल्यावर इब्राहिम माझ्याकडे पाठ करून भावाच्या स्ट्रेचरपाशी बसला. सलीम सलाईनची बाटली धरून सावलीत उभा राहिला. घाटातल्या धुक्यातून अँब्युलन्सला यायला वेळ लागला. हमीद ऑपरेशन टेबलावर पोचला आणि अपेंडिक्स फुटलं. हॉस्पिटलात बरेच दिवस काढले त्याने, पण वाचला.

काही वर्षांनी राजधानीत, अल मवालेहच्या भाजीबाजारात इब्राहिम भेटला. "तेव्हा तुमचा लय राग आलेला," म्हणाला, आणि माझी पिशवी गाडीपर्यंत घेऊन आला.

ढगात शरीर काहीबाही सांगतं. मनही सांगतं. दोघांना बोलू द्यावं आणि काटे वाचावेत.