दवाखान्यामागच्या शेळ्या

हिंगोली जिल्ह्यात नोकरीला असताना केलेला एक तपास निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेला नाही. त्यात आरोपी होता, मुद्देमाल होता, कबुलीही होती. चोरी तेवढी झालेली नव्हती.

त्या काळात आठवडी बाजारातून शेळ्या चोरीला जाण्याच्या तक्रारी वाढल्या होत्या. ज्याचे घर शेळ्या-मेंढ्यांवर चालते, त्याला ही घरफोडीच वाटते. शिरड शहापूरच्या एका शेळीवाल्याची तांबडी, पांढऱ्या कानांची शेळी बाजारातून गेली होती. तो वरचेवर ठाण्यात येई, बाकावर बसे आणि ठाणे अंमलदाराला शेळीचे वर्णन पुन्हा ऐकवी. पुढे पुढे अंमलदारालाच ते पाठ झाले. मग अंमलदार वर्णन सांगे आणि फिर्यादी फक्त दुरुस्त्या करी.

खबर आणली ती बाजारामागच्या गल्लीतल्या चहाच्या टपरीवाल्याने. तो आमचा जुना खबऱ्या.

"साहेब, दर बाजारी मानसं त्वांड बांधून येऊन राहिली," तो म्हणाला. "मागल्या दारातून आत जातात, अर्ध्या घंट्यानं भाईर येतात. शेळ्या लिंबाला बांधतात. इकत बी न्हाईत, घेत बी न्हाईत. आणली तीच परत नेतात."

"घर कोणाचं आहे?"

"घर न्हाई, दवाखाना हाये. यड्याच्या डाक्टरचा."

"मग पेशंट असतील."

"पेशंट शेळी घेऊन येतो व्हय, साहेब? अन् एकाच्या बी दंडाला सुईचा कापूस पाह्यला न्हाई मी. सुई न्हाई, सलाईन न्हाई. मग अर्धा घंटा आत करतात काय?"

हा प्रश्न मला त्या वेळी बिनतोड वाटला. चोरीची शेळी चोर स्वतः विकत नाही. ती गर्दीत हातोहात बदलली जाते. झाकलेले चेहरे, मागचे दार आणि न विकलेल्या शेळ्या या तिन्ही गोष्टी त्या हिशेबात बसत होत्या. मी हवालदाराला साध्या वेशात टपरीवर बसवले. त्याने दोन बाजार पाळत ठेवली आणि अहवाल दिला. आत जाताना लोकांचे तोंड बांधलेले असते, बाहेर येताना उघडे असते. एक जण बाहेर आल्यावर बराच वेळ शेळीची मान खाजवत बसला होता. एका बाईजवळ शेळी नव्हती, शिलाई मशीन होती. दोन्ही बाजारी तीच मशीन.

पुढच्या बाजारी आम्ही आत गेलो. दवाखाना दोन खोल्यांचा होता. रुग्ण दाखल करून घेण्याची सोय नव्हती. डॉक्टर तपासून घरी पाठवत. समोरच्या रस्त्यावर 'मानसोपचार तज्ज्ञ' अशी ठसठशीत पाटी होती. त्या बाजूचे दार सताड उघडे होते आणि तिथून कोणीही येत नव्हते.

बाहेरच्या खोलीत बसलेल्यांना मी येण्याचे कारण विचारले. एक जण पाणी प्यायला आला होता. एकाला ऊन लागले होते. शिलाई मशीनवाल्या बाईंनी मशीनकडे बोट दाखवले. एका गृहस्थाने आपल्याला ही बँक वाटली, असे सांगितले. मी रीतसर जबाब घेतले असते, तर त्या दिवशी दवाखान्यात एकही रुग्ण नव्हता हे सिद्ध झाले असते.

डॉक्टर आत कोणाशी तरी बोलत होते. मी दार ढकलले. त्यांनी मान वर करून "बाहेर बसा, यांचं झाल्यावर बोलू," असे सांगितले. मी गणवेशात होतो. तरी बसलो.

माझी पाळी आल्यावर मी बाहेर बसलेल्यांची नावे मागितली.

"ती सांगता येणार नाहीत," डॉक्टर म्हणाले. "कोण येतं आणि कशासाठी, हे मी रुग्णाच्या संमतीशिवाय त्याच्या सख्ख्या भावालाही सांगत नाही. न्यायालयाचा आदेश आणा, मग पाहू."

"मागे शेळ्या कशाला बांधल्यात?"

"मी विचारलं नाही. माणूस आला हे मला पुरेसं असतं. पुढच्या दारानं कोणी येईना, म्हणून मागं दार पाडलं. दार पाडल्यावर शेळ्या यायला लागल्या."

"आत काय करता?"

"ऐकतो. औषध लागलं तर देतो. पहिल्या खेपेला बहुतेक जण गुडघेदुखी सांगतात. ती मी पूर्ण ऐकून घेतो. तिसऱ्या खेपेला मग झोप येत नाही म्हणतात."

चौकशीची ही पद्धत मला नवी होती. आमच्याकडे तिसऱ्या खेपेची वाट पाहत नाहीत.

मागे लिंबाखाली एक तांबडी शेळी होती. कान पांढरे. तिचा धनी पुसेगावकडचा शेतकरी, पन्नाशीचा, किडकिडीत. पंचनामा करून दोघांना ठाण्यात आणले.

हवालदाराने त्याला फक्त शेळी कोणाची एवढेच विचारले. त्यावर त्यानेच उलट विचारले, "चोर धरला म्हंजे कागदात काय काय लिवता?"

"कुठं धरला ते लिहितो."

"मंग बाजारात धरला म्हना. तसं लिवत असाल तर मी चोरली म्हनतो."

"आम्ही तर दवाखान्यामागं धरलं तुम्हाला."

"मंग न्हाई चोरली."

पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही, हे सर्वांना माहीत आहे. पण कबुलीवर अशी घासाघीस करणारा आरोपी मी तोवर पाहिला नव्हता. मी फिर्यादीला बोलावून घेतले.

शिरड शहापूरचा शेळीवाला आला, शेळीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "ही माही न्हाई, साहेब. माही जवळ येऊ देत न्हाई कुनाला. हिनं तर हवालदाराची टोपी चाटली." जाताना त्याने अंमलदाराला वर्णनात आणखी एक दुरुस्ती सांगितली.

म्हणजे समोरचा माणूस स्वतःचीच शेळी चोरल्याचे कबूल करत होता. मी दार लावून घेतले आणि त्याला खुर्ची दिली. तेव्हा तो बोलला.

"पोरीचा साखरपुडा हाये या हप्त्यात. सोयरीक चांगली हाये. मी यड्याच्या डाक्टरकडं जातो असं तिकडं कळलं तर पोरगी घरीच ऱ्हाईल. चोराच्या पोरीचं लगीन व्हतं, साहेब. यड्याच्या पोरीचं न्हाई व्हत."

"तुम्ही वेडे दिसत नाही."

"डाक्टर बी तेच म्हनतात. पर त्येंच्या म्हनन्यावर कोन सोयरीक करतं?"

दवाखाना आटोपून डॉक्टर ठाण्यात आले. रुग्णांना सोडून ते आधी आले नव्हते. त्यांनी त्याच्याशी एकट्याने बोलायची परवानगी मागितली. मुद्देमालाच्या खोलीत दोघे बसले. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, "शेळी त्यांचीच आहे, एवढंच सांगायची परवानगी त्यांनी दिली आहे."

"आणखी काही?"

"आणखी नाही."

इतक्यात दारात मोटारसायकल थांबली. सकाळी हवालदाराने नियमाप्रमाणे शेतकऱ्याच्या गावच्या पोलीस पाटलाला फोन करून माणसाची खात्री केली होती. पाटलाने आपले कर्तव्य गावभर बजावले होते. मोटारसायकलवरून शेतकऱ्याची बायको उतरली. गाडी चालवत होते ते होणारे व्याही.

त्याने त्यांना पाहिले आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली. मीही गोंधळलो. चोर नाही म्हणावे तर मग तिथे कशाला होता, हा प्रश्न येणार. चोर म्हणावे तर ते खोटे.

व्याही आत आले, रामराम केला आणि सरळ विचारले, "साहेब, चोरीचं खरं हाये का?"

"हो," भिंतीकडून आवाज आला.

"तुम्ही गप्प बसा," मी म्हणालो.

व्याही खुर्चीजवळ गेले. "इवाई, नीट सांगा. डाक्टरचं आमाला ठाव हाये. सोयरीक करताना चौकशी करतोच ना मानूस. गावानं सांगितलं, इलाज करून राहिले, आता बराबर हायेत. आमची काही तकलीफ न्हाई त्याची. पर चोरीचं खरं असंल तर मला इचार करावा लागंल."

खुर्ची परत फिरली. "साहेब," तो म्हणाला, "शेळी माहीच हाये."

"ते मला कळलं आहे."

"न्हाई, तुमी लिवा. माहीच हाये म्हनून लिवा."

मग तो बायकोकडे वळला. "कुनी सांगितलं गावाला?"

"तुमीच," ती म्हणाली. "वरीसभर दर बाजारी शेळी नेता अन् तीच शेळी परत आणता. आंधळ्याला बी कळंल. मी एकदा मागं मागं येऊन पाहून गेले."

"मंग मला काहून सांगितलं न्हाई?"

"तुमी काहून सांगितलं न्हाई? आधी रातभर ओसरीत येरझाऱ्या घालत होता. लेकराशी बोलत नव्हता. आता जेवता, झोपता. मी बोलले असते अन् तुमी जायचं बंद केलं असतं, मंग?"

तो शेळीकडे पाहू लागला. "म्हंजे मी शेळी उगंच हिंडवली व्हय?"

हवालदार खिडकीबाहेर पाहत होता.

डॉक्टर म्हणाले, "घरच्या एका माणसाला सोबत आणा, असं मी प्रत्येक वेळी सांगत आलो. हे म्हणायचे, बायको माहेरी गेली आहे."

"वरीसभर?" ती म्हणाली.

खरे शेळीचोर आम्हाला नंतर दुसऱ्याच भानगडीत सापडले. तो तपास सरळ होता आणि त्यातले फारसे काही आठवत नाही. हा मात्र आठवतो. संशयित काय लपवतो, हे शोधायला आम्हाला शिकवले जाते. तो कोणापासून लपवतो आणि त्यांना ते आधीच माहीत आहे का, हे मी त्यानंतर विचारू लागलो. फार पटकन मिळालेल्या कबुलीपुढे थांबायची सवयही तेव्हाच लागली. पुष्कळदा माणूस मोठ्या गुन्ह्याआड एखादी अगदी साधी गोष्ट ठेवून बसलेला असतो, आणि ती गुडघेदुखी ऐकून घेतल्याशिवाय बाहेर येत नाही.

त्या संध्याकाळी मी स्टेशन डायरीत नोंद केली: शेळीच्या मालकीची खात्री करून ती मालकाच्या ताब्यात दिली. मालक त्या ठिकाणी कशासाठी गेला होता, हे लिहिले नाही. सारे गाव ते जाणत होते, व्याही जाणत होते, मीही जाणत होतो. पण ते सांगायचे की नाही, हे त्याने ठरवायचे होते.