मुलीच्या कार्डावरची चौथी ओळ

ताईंनी माझ्या मुलीचं कार्ड सगळ्या मुलांसमोर मोठ्याने वाचलं.

"तक्रार कोणाची: माझ्या आईची. काय घडलं: तीन वर्षं या घरात स्वयंपाक करते, पण इथला संडास वापरू देत नाहीत. नऊ मजले उतरून चौकीदाराच्या संडासात जाते. साक्षीदार: आई. निकाल:"

पुढे कोरं.

मी ओट्याशी पोळ्या लाटत होते.

गुडगावातले हे टॉवर नवेच. ताई पुण्याच्या, वकिली शिकलेल्या. दर शनिवारी आपल्या घरी सोसायटीतल्या मराठी मुलांना माणसांच्या हक्कांचे गाजलेले खटले शोधायला शिकवतात. मुलं लायब्ररीतून निकाल उतरवून आणतात. एका खटल्याचं एक कार्ड, चार ओळी. माझ्या मुलीलाही त्यांनी बसू दिलं. मी उपकार मानायचे.

"साक्षीदार नसेल तर तक्रार टिकत नाही," हे ताईंनीच शिकवलेलं.

त्यांनी मला हाक मारली. पिठाच्या हातांनीच गेले.

"मावशी, तुम्हीच सांगा. मी कधी तुम्हाला नाही म्हटलंय का?"

पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "तुमची सोय खाली आहे हं." मला आठवत होतं. पाळीच्या दिवसांत लिफ्टची वाट बघताना काय व्हायचं, तेही. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला खात्री होती माझी.

"नाही, ताई," मी म्हणाले.

"चलो, केस खतम!" सोसायटीतली एक मुलगी ओरडली. सगळे हसले. ताईसुद्धा.

"अगं, कल्पनेतून खटला उभा राहत नाही," त्या माझ्या मुलीला म्हणाल्या. गोड आवाजात.

मुलीने कार्ड परत घेतलं, चौथी ओळ भरली. घरी मी वाचली. चौथीपर्यंतच शिकले, पण वाचता येतं.

"साक्षीदार उलटला."

तीन दिवस झाले. ती जेवायला वाढ एवढंच म्हणते. मी जवळ गेले की कूस बदलते. मारलं असतं तिने, तर बरं वाटलं असतं.

हे मी तिच्याच जुन्या वहीत लिहिते आहे. बोलायला गेले की माझा आवाज जातो. शनिवारी मुलं जमली की हात धुऊन बाहेर जाईन आणि हे कागदावरून वाचेन. खालच्या संडासाला कडी नाही, एका हाताने दार धरून बसावं लागतं, हेही वाचेन. काम जाईल. मुलगी माझ्याशी बोलेलच असं नाही.

साक्ष एकदा फिरवली. आता नाही.