कुमुदताईंनी माझी फी भरली

एकुलता एक मुलगा गेल्यावर सुनेला कॉलेजात घालणारी बाई काल सकाळी गेली.

कुमुदताई. माझ्या सासूबाई.

निखिल गेला तेव्हा आमच्या लग्नाला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. स्वारगेटजवळ बाइकचा अॅक्सिडेंट. सतरा दिवस आयसीयू. मग नाही.

मी चोवीस वर्षांची, बारावी सायन्स. पुढे काय, हे मला कुणी विचारतच नव्हतं. सगळे एकमेकांना विचारत होते.

मांजरीहून माझे वडील आले. नारायण पेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये खुर्चीच्या अगदी कडेला बसले.
"ताई, पोरीला न्यायला आलोय. घरी हाय की सगळं. वर्षभरानं बघू दुसरं स्थळ."

कुमुदताई शाळेच्या ऑफिसातून क्लार्क म्हणून रिटायर झालेल्या. उगाच एक शब्द जास्त बोलायच्या नाहीत.
"स्थळ तुम्ही बघाल. पण तिला काय बघायचंय?"

मग माझ्याकडे वळल्या. "अश्विनी, तुला काय करायचंय?"

मला स्वतःलाच माहीत नव्हतं की माझ्याकडे उत्तर आहे.
मी म्हटलं, "नर्सिंग."

त्या सतरा दिवसांत डॉक्टर यायचे, जायचे. निखिलला कूस बदलून द्यायची ती सिस्टर. तो शुद्धीत नसताना त्याच्याशी बोलायची. "निखिलदादा, आता जरा दुखेल हं." मी काचेतून बघत होते.

कुमुदताई म्हणाल्या, "बरं. सीईटीचा फॉर्म कधी निघतो ते बघ."

बस. एवढंच.

मला बीएस्सी नर्सिंगला प्रायव्हेट कॉलेज मिळालं. पुण्यातलंच, मोठ्या युनिव्हर्सिटीचं. फीचा आकडा बघून मी फोन पालथा ठेवला. चार वर्षं, शिवाय युनिफॉर्म, पुस्तकं, परीक्षा.

चुलत सासरे समजवायला आले. "वहिनी, भावनेच्या भरात करू नका. ही उद्या लग्न करून जाईल. मग?"

"जाऊ दे. मी काय बाँड लिहून घेतलाय?"

पहिल्या वर्षाची फी भरली. दुसऱ्या वर्षाचीही. पैसे कुठून आले, मी विचारलं नाही. खरं सांगते, विचारायची भीती वाटत होती.

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. भाजी घेऊन येताना त्या जिन्याच्या वळणावर थांबायच्या आणि पिशवीत काहीतरी शोधायच्या. मला वाटायचं, हिशोब बघतायत.

थर्ड इयरला माझं पोस्टिंग ऑर्थोला होतं. तेव्हा मी त्यांना हट्टाने ओपीडीत घेऊन गेले. डॉक्टरांनी जुनी फाइल चाळली.
"आजी, दोन्ही गुडघे बदला असं तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की. तुम्ही तर पैशांची सोय आहे म्हणाला होतात."

"होती. दुसरीकडे लागले."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाहेर आल्यावर मी रडायला लागले. म्हटलं, मी कॉलेज सोडते.
त्या म्हणाल्या, "गुडघे माझे आहेत. तू तुझ्या परीक्षेचं बघ. आणि रडायचं असेल तर तिकडे जा, इथे पेशंट बसलेत."

फोर्थ इयरला पैसे खरंच कमी पडले. हप्ते करून मिळत नाहीत, असं कॉलेजने तोंडी सांगितलं. मग त्या माझ्याबरोबर स्वतः आल्या, रिक्षाने.

काउंटरवरचा माणूस म्हणाला, "आई का तुम्ही?"
"सासू."
त्याने मान वर केली. "मुलगा नाही आला?"
"तो नाहीये."

कुमुदताईंनी अर्ज पुढे सरकवला. "मी तीस वर्षं शाळेत तुमच्याच जागेवर बसलेय. अर्ज घ्या, आवक नंबर द्या. नाही म्हणायचं असेल तर लेखी म्हणा."

आठ दिवसांत दोन हप्ते मंजूर झाले. दोन्ही त्यांच्या पेन्शनमधून गेले. त्या वर्षी त्यांनी कामाच्या बाई बंद केल्या. धुणं मी करीन म्हटलं तर म्हणायच्या, "अभ्यास झाला का?"

मी पास झाले. नोकरी लागली. दीड वर्ष पैसे साठवले आणि ऑपरेशनची तारीख घेतली. त्या नको म्हणत होत्या, पण मी पहिल्यांदाच त्यांच्यावर आवाज चढवला. आणि त्या चक्क ऐकल्या.

ऑपरेशनआधीच्या तपासणीत हृदयाचं पंपिंग फार कमी निघालं. भूल देता येणार नाही म्हणाले.
"चार-पाच वर्षांपूर्वी आला असतात तर आरामात झालं असतं."

डॉक्टर सहज बोलून गेले. माझ्या डोक्यातून ते वाक्य अजून गेलेलं नाही.

त्यानंतर त्या जिना उतरल्या त्या फक्त हॉस्पिटलला जायला. तेही खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून. खिडकीत बसायच्या. गोळ्यांच्या वेळा मी लावून दिल्या होत्या, तरी मला विचारायच्या, "सिस्टर, आता कुठली?" घरात मला सिस्टर म्हणायला लागल्या होत्या. चेष्टेने. पण पाहुण्यांसमोरही.

परवा संध्याकाळी श्वास फार लागत होता. तीन उशा लावून बसवलं होतं. हॉस्पिटलला चला म्हटलं तर हात हलवून नाही म्हणाल्या. माझ्याच्याने राहवलं नाही.
"तेव्हाच ऑपरेशन करून घ्यायला हवं होतंत. माझ्यापायी झालं हे."

बराच वेळ दम घेतला. मग म्हणाल्या, "तेव्हा केलं असतं, तर तू काय करत असतीस आत्ता?"

मी त्यांच्या पाठीमागची उशी नीट केली.

"झालं तर मग," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

काल सकाळी मी चहा घेऊन गेले, तेव्हा त्या गेल्या होत्या.

मनगट हातात धरून मी नाडी बघितली. पहिल्या काही सेकंदांतच कळलं होतं. तरी पूर्ण एक मिनिट मोजलं.

मग त्यांचं तोंड पुसलं, केस विंचरले, पातळ नीट केलं. आम्हाला शिकवतात तसंच, सगळं सावकाश. करताना त्यांच्याशी बोलत होते. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

दिवस-बिवस करायचे नाहीत, असं त्यांनी लिहून ठेवलंय, सहीसकट. कुणी भेटायला येणार असाल तर आज-उद्या या. परवापासून माझी ड्युटी आहे. मी जाणार आहे.

कुमुदताई, खूप चाललात. आता पडून राहा.