अडथळा : हे स्वतः

मास्तरकीत किस्से गोळा करावे लागत नाहीत; ते शर्टावरच्या खडूसारखे आपोआप चिकटतात. आमचे तर बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात साठलेत.

कराडजवळच्या आमच्या हायस्कूलमध्ये माझी बायको सुनंदा गणित शिकवायची, मी मराठी. नववीच्या प्रत्येकाकडून दोन ध्येयं लिहून घ्यायची, एक अभ्यासाचं, एक स्वतःचं, ही तिची कल्पना. पोस्टकार्डाएवढं कार्ड, चार रकाने: काय करणार, कधीपर्यंत, अडथळा, साक्षीदार. काम झालं की साक्षीदारानं सही करायची. सहीशिवाय कार्ड डब्यातून निघणार नाही, हा नियम मी सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीवर लावला.

तीच चूक झाली!

सुनंदा जाऊन दोन वर्षं झाली. डबा आता माझ्याकडे आहे. तळाशी एक कार्ड तिचं स्वतःचं होतं, सहीविना. साक्षीदार मीच. दर वर्षी ते बघायचो आणि त्यावर नवी कार्डं ठेवायचो.

* * *

ओंकारनं लिहिलं, ‘रोज पहाटे पाचला उठणार.’ साक्षीदार आई. महिन्यानं कार्ड सहीसकट परत आलं. मी वर्गात टाळ्या वाजवायला लावल्या. मग सहीखालची बारीक अक्षरं वाचली: ‘रोज उठला. लगेच परत झोपला. त्याबद्दल कार्डात काही लिहिलेलं नाही.’

* * *

ऋतुजानं अडथळ्याच्या रकान्यात एकच शब्द लिहिला: ‘पप्पा.’

दुसऱ्या दिवशी पप्पा शाळेत. साखर कारखान्यात कामाला, आवाज भोंग्यासारखा. “आवं गुरुजी, मी अडथळा हाय व्हय?”

ऋतुजा शांतपणे म्हणाली, “पप्पा, मी भूमिती करताना तुमी म्याच बघतासा. आउट झाला की माझ्या कानात वरडतासा.”

सुनंदानं त्यांच्यापुढे कोरं कार्ड सरकवलं. ‘टीव्हीचा आवाज कमी करणार.’ साक्षीदार, ऋतुजा.

मार्चमध्ये तिनं सही केली, पण शेरा मारून: ‘फायनल सोडून.’

* * *

संकेतचं ध्येय, ‘गणितात पस्तीस.’

सुनंदा म्हणाली, “अरे, पन्नास तरी लिही.”

“नको बाई. एकदा पन्नास पाडलं की घरच्यांना सवय लागती.”

* * *

आमच्याकडे निम्मी पोरं ‘मिलिटरीत भरती’ असंच लिहितात. मी सांगतो, यंदा होईल असं काहीतरी लिहा. प्रतीकनं लिहिलं, ‘रोज तीन किलोमीटर पळणार.’ अडथळा: ‘उसाच्या फडाजवळचं कुत्रं.’

मी म्हटलं, “कुत्र्याला भितोस, मग सीमेवर काय करणार रे?”

“सर, तिथं बंदूक देत्यात की!”

दिवाळीपर्यंत वर्गात त्याच्याइतकं जोरात पळणारं कुणी उरलं नाही. साक्षीदार म्हणून सही कुणाची? कुत्र्याच्या मालकाची! ‘रोज बघतो. लय पळतो.’

* * *

आता ते तळातलं कार्ड.

यंदा परीक्षा संपल्यावर मी सानिकाला डबा आवरायला बसवलं. सानिका वर्गाची मॉनिटर. नियमाला एकदम पक्की. थोड्या वेळानं ती कार्ड घेऊन आली आणि मोठ्यानं वाचू लागली.

“काय करणार: ह्यांना पोहायला शिकवणार. कधीपर्यंत: ह्या उन्हाळ्यात. अडथळा: हे स्वतः.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “सर, ह्ये म्हंजे तुमी?”

मीच. त्या उन्हाळ्यात सुनंदानं मला दोन दिवस विहिरीत उतरवलं होतं. समोरच्या पायरीवर उभी राहून म्हणायची, “पाण्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा.” तिसऱ्या दिवशी मला सर्दी झाली. म्हणजे, मी तसं सांगितलं. पुढच्या उन्हाळ्याला ती नव्हती.

“राहू दे ते,” मी म्हटलं.

सानिकानं भिंतीवरच्या नियमाकडे बोट दाखवलं. “अक्षार तुमचंच हाय.”

“माझी पन्नाशी उलटली, बाळ.”

“वयाचा रकाना कार्डावर न्हाई, सर.”

सानिकाचे आजोबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आणि विहीर, तीच, त्यांची! दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सातला माझ्या पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधला जाऊ लागला. निम्मा वर्ग काठावर. आता कॉलेजात गेलेला संकेतही येऊन ओरडायचा, “सर, पस्तीस टक्के आलं तरी चालतंय!” ऋतुजाचे पप्पा एकदा बघून गेले; अडथळा कसा दिसतो ते बघायला आलो, म्हणाले.

आठव्या दिवशी सुभेदारांनी कॅन सोडला. “गुरुजी, पंपापासनं समोरच्या पायरीपतूर. मी मागंच हाय.”

पोरं सगळी पंपाच्या बाजूला वर उभी. मी पाईप सोडला. पाणी नाकात गेलं, तोंडात गेलं. मागून सुभेदार फौजी हुकूम सोडत होते, त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. मी समोर बघत राहिलो. मग हाताला दगड लागला. पायरी.

वर गलका झाला. मी निम्म्यात असतानाच काठाकाठानं, माझ्याकडे बघत धावत निघालेली सानिका पायरीवर आली, कार्ड आणि पेन हातात.

“सर, जमलं की वो! पर एक सांगा. आमी समदी तिकडं हुतो. ह्या मोकळ्या पायरीकडं बघून तुमी हसत का हुतासा?”

मी म्हटलं, “पेन दे.”