धार काढील तो सभासद

गावच्या डेअरीत तिला सगळे मापवाली म्हणत. अकरा वर्षं ती रोज सकाळी दूध ढवळून नमुना काढी, फॅट तपाशी आणि माप घेई. पाणी घातलेलं दूध तिच्या नजरेतून सुटत नसे, आणि ती ते चारचौघांत बोलून दाखवी. त्यामुळे निम्मं गाव तिच्यावर दात खाऊन होतं.

डेअरीचे सभासद चौऱ्याऐंशी, आणि सगळे पुरुष. शेण काढायचं, वैरण घालायची, धार काढायची ती बायकांनी. सभेत हात वर करायचा नवऱ्याने. मापवालीचा नवरा वारला तेव्हा त्याचं सभासदत्व दिराच्या नावावर चढलं. दिराने म्हशीच्या शेपटीलाही कधी हात लावला नव्हता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. गेल्या वर्षी तिचं रेडकू आजारी पडलं, दीर परगावी होता, आणि सभासदाची सही नाही म्हणून डेअरीचा डॉक्टर आलाच नाही. रेडकू तिच्या मांडीवर गेलं. त्याचा राग तिला होता आणि तो तिने कधी लपवला नाही.

वार्षिक सभेत ती दारातून उठून थेट पुढे गेली. "धार काढणाऱ्या बायकांना सभासद करा. अर्ज भरून आणलेत."

चेअरमननी नियमांचं पुस्तक उघडलं आणि खड्या आवाजात वाचलं, "जो स्वतः धार काढून दूध घालील, तोच सभासद. ऐकलंस? आम्ही काढतो, आम्ही सभासद!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

"तुम्ही काढता?" तिने विचारलं.

"मग? उद्या गोठ्यात येऊन बघ. आणि मी काढली, तर तू मापावरून उतरायचं."

"उतरेन. नाही निघाली, तर अर्जांवर सह्या."

"कबूल!"

सकाळी चेअरमनच्या गोठ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बाह्या सरसावून, गुडघ्यांत बादली धरून चेअरमन बसले. म्हशीने मान वळवून एकदा पाहिलं आणि पान्हा चोरला. त्यांनी थोपटलं, चुचकारलं, पुढ्यात पेंड ठेवली. शेवटी दोरीवरची बायकोची साडी अंगावर गुंडाळली. म्हशीने लाथ मारली आणि बादली गटारात गेली. लोक पोट धरधरून हसले.

"अगं, बघतेस काय? तू बस ना!" चेअरमन बायकोवर खेकसले.

बायको हाताची घडी घालून उभी होती. "मी? मी कुठे सभासद आहे?"

कास तटतटली होती आणि म्हैस रेकत होती. मापवालीने दोन अर्ज पुढे धरले. एक चेअरमनच्या बायकोचा, एक तिचा स्वतःचा. दीर मागून ओरडला, "सही करू नका!" तिने वळूनही पाहिलं नाही.

चेअरमननी दोन्हींवर सही केली. बायको पदर खोचून बसली, तिने कासेला हात लावला आणि धार लागली.

चेअरमन पेन खिशात ठेवणार, तोच मापवालीने पिशवीतून आणखी गठ्ठा काढला.

"हे काय?"

"उरलेले ब्याऐंशी. गावात अजून दुसऱ्या एकाही बाईने धार काढलेली नाही, साहेब. म्हशी खोळंबल्यात. लवकर सह्या करा."