नाताळच्या आत येईल

दहिवलीतल्या आमच्या घरी रविवारी संध्याकाळी प्रार्थना असते. गाणी झाली की एकेक जण आपली अडचण सांगतो, आणि मंडळीतला वडील, म्हणजे चर्चचा एक ज्येष्ठ पुढारी, म्हणून मी डोळे मिटून प्रभू काय म्हणतो ते सांगायचं, अशी आमची रीत. लोक माना डोलवत. मला त्याची चटकच लागली होती.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी डोंगरातल्या वाडीवरची एक विधवा बाई उठली. तिचा एकुलता एक मुलगा भांडून घर सोडून गेला होता. तिचा भाऊ बायकापोरांना घेऊन वीटभट्टीवर कामाला निघाला होता. त्याच्याबरोबर जाऊन भट्ट्यांवर पोराची चौकशी करू, की तो परत येईल म्हणून घरीच थांबू, एवढंच तिला विचारायचं होतं.

मी डोळे मिटले. खरं सांगायचं तर स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्टीशिवाय मला काही ऐकू आलं नाही. पण त्या दिवशी पनवेलहून मंडळीचे नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले होते, आणि त्यांच्यासमोर गप्प बसणं माझ्या जिवावर आलं. मी ठणकावून सांगितलं, "प्रभूने मला दाखवलंय. नाताळच्या आत पोरगा दारात उभा राहील. तू घर सोडू नकोस."

ती थांबली. नाताळ आला आणि गेला. मग भावाचा निरोप आला. मुलगा महिनाभर त्याच्या शेजारच्याच भट्टीवर होता. भावाला कळेपर्यंत तो मजुरांच्या दुसऱ्या टोळीबरोबर निघून गेला होता, कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं.

मला तोंड दाखवायची लाज वाटू लागली. कंबर दुखते म्हणून दोन रविवार प्रार्थना घेतली नाही, तेही खोटंच. शेवटी वाडीवर गेलो. प्रभूच्या योजना माणसाला कळत नाहीत वगैरे बोलणं चढ चढतानाच जुळवून ठेवलं होतं. तिने पाणी दिलं. मी सुरुवात केली तशी तिने मला थांबवलं.

"देवाला समदं ठावं हाय, दादा. तुमाला ठावं नव्हतं, तर तवाच नाय म्हनायचं. मी गेली असती."

"मला काहीच ऐकू आलं नव्हतं," मी म्हणालो. हे मी आजवर कुणापुढे कबूल केलं नव्हतं, बायकोपुढेही नाही.

तिने एकदा पायवाटेकडे पाहिलं. मग तिने पोरासाठी प्रार्थना करायला सांगितली. मी डोळे मिटले, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "पन या येळी मला काय सांगू नका."