तपकिरी वाटा

आप्पांना हॉस्पिटलमधून खुटबावला घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली होती. आणि आप्पांनी घाटमाथ्याला जायचा हट्टच धरला होता. वडिलांचा हट्ट मोडायची आमच्या घरात कुणाची टाप? म्हणून मी डोंगरच घरी आणला. दौंडच्या शाळेत भूगोल शिकवते मी. घाटातल्या जंगलाचा नकाशा मोठा छापून घेतला आणि त्यांच्या खाटेवर पसरला.

आम्ही मेंढरांमागं फिरणारे. पुढं कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं विकली. माझा जन्म पक्क्या घरातला. माझ्या आधीची बहीण मात्र वाटेवरच जन्मली आणि तापानं वाटेवरच गेली. खिंडीखाली तिला पुरून वर दगड रचले. मेंढरं घेऊन जो कुणी तिथून जाईल त्यानं एक दगड ठेवायचा, अशी रीत. मेंढरं विकल्यापासून आप्पा तिकडं फिरकले नव्हते. तिच्यावर अजून कुणी दगड ठेवतं का, एवढंच त्यांना जायच्या आत कळायला हवं होतं.

"मी जाऊन बघते की," म्हटलं तर म्हणाले, "मी दावल्याबिगर तुला कशी घावंल?"

मग तेच सांगत गेले. खिंडीखाली झरा, झऱ्याच्या वर सपाट जागा. मी समोच्च रेषांवरून बोट नेलं. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी रेषा त्या. दाट तिथं कडा, विरळ तिथं सपाटी. हिरव्या रानात एका ठिकाणी त्या फाकल्या होत्या.

"इथं, आप्पा."

ते वाकून बघत राहिले. मेंढरं उभा चढ घेत नाहीत, डोंगराच्या अंगानं आडवी चालतात, आणि त्यांच्या खुरांनी एकाखाली एक वाटा पडतात. आप्पांना नकाशावर त्याच दिसल्या.

"येवढ्या वाटा? म्हंजी मेंढरं जात्यात अजून. मग दगड पडत असत्याल तिच्यावर."

या रेषा जमिनीवर कुठंच नसतात, त्यांना वाट समजाल तर मार्क जातील, असं मी दरवर्षी पोरांना दटावते. 

"व्हय आप्पा," मी म्हटलं, "पडत असत्याल."

"मंग न्हाई जायाचं मला," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पोटभर जेवले. मी मोरीत जाऊन रडले.

ते गेल्यावर मी तिथं जाऊन आले. झरा सापडला. वाट एकही नव्हती, नुसता झाडोरा माजला होता. दगड मी अंदाजानंच ठेवला.